उशिरा सुटलेली गाडी
सोळाव्या वर्षी ‘अंगाने फारच किरकोळ’ म्हणून शेफील्ड वेन्सडे या फुटबॉल क्लबने जेमी वार्डीला घरी पाठवलं. मग आठवड्याला 30 पौंडांवर स्टॉक्सब्रिजच्या छोट्या क्लबात फुटबॉल आणि दिवसा कारखान्यात वैद्यकीय स्प्लिंट बनवण्याची नोकरी. मारामारीच्या एका प्रकरणात पायाला नजर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टाही बसला. रात्री बाहेर राहायला बंदी, त्यामुळे वेळेत घर गाठायला गडी सामना अर्ध्यावर टाकून पळायचा! 2012 मध्ये लेस्टर सिटी क्लबने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले, तेव्हा वयाची पंचविशी गाठलेली. लोक त्याच्या वेगाचं कौतुक करतात. मला विचाराल तर खरी करामत सुटण्याच्या क्षणाची. 28 नोव्हेंबर 2015, समोर मँचेस्टर युनायटेड: सहकारी फुक्सने पास सोडला, वार्डी बचावफळीच्या मागे उजवीकडून आत घुसला आणि चेंडू गोलरक्षक दे हेआला चुकवून पलीकडच्या कोपऱ्यात. सलग अकराव्या लीग सामन्यात गोल, व्हॅन निस्टलरॉयचा विक्रम मोडीत! त्या मोसमात लेस्टर चक्क लीगचं विजेतं झालं. तेहतिशीत त्याने 23 गोलांसह लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट पटकावला. 2025 मध्ये लेस्टर सोडलं तेव्हा खात्यात 500 सामने, 200 गोल. आणि अडतिसाव्या वर्षी बूट खुंटीला टांगायचे सोडून स्वारी इटलीत क्रेमोनेझे क्लबकडे दाखल.