गुलामांच्या लेकरांचे विद्यापीठ

गेल्या पंधरवड्यात आमच्या शाळेतून पूर्वी शिकून गेलेला एका लोहाराचा पोरगा आमच्याकडे आला. तालुक्याच्या एका कॉलेजात त्याने तीन वर्षे काढली, परीक्षाही उतरला. परंतु फीचे साडेअकरा हजार रुपये बाकी आहेत म्हणून संस्थेने त्याची गुणपत्रिका व दाखला अडवून ठेवला आहे. नोकरीच्या मुलाखतीस बोलावणे आले, आणि हाती कागद नाही. पेरण्या उरकल्या की बापाचा भाता थंड, मग बाकी फेडावी कशी? संस्थेचे नाव आम्ही येथे देत नाही. एवढेच सांगतो की तिच्या जुन्या वर्गणीच्या वहीत याच गावच्या शेतकऱ्यांनी दिलेल्या पायली-पायली ज्वारीची नोंद आहे.

त्या पोराला चहा पाजून वाटेस लावले आणि आम्हास सातासमुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाची आठवण झाली. अमेरिकेच्या ओहायो प्रांतात विल्बरफोर्स नावाचे विद्यापीठ आहे. तेथे २०२१ साली पदवीदान समारंभ चालू असता अध्यक्षांनी उठून सांगितले की २०२० आणि २०२१ साली पदवी घेणाऱ्यांकडे संस्थेची जी बाकी आहे ती माफ. ती रक्कम पावणेचार लाख डॉलरांहून अधिक होती. मुलांनी बँकांकडून व सरकारकडून काढलेली कर्जे त्यात आली नाहीत, ती त्यांच्या डोक्यावर राहिलीच. पण संस्थेपुरती पाटी कोरी झाली. हे विद्यापीठ काही धनाढ्य नव्हे. ते कोणाचे, कोणी उभे केले, हे बहुजन समाजाच्या घराघरात कळले पाहिजे.

अमेरिकेतील काळ्या गुलामांची ओळख आमच्या लोकांना जोतिराव फुल्यांनीच करून दिली. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ छापला तो अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना सोडविले त्यांना अर्पण केला. आश्चर्य असे की त्याच १८७३ साली हॅली क्विन ब्राउन नावाची मुलगी विल्बरफोर्सची पदवीधर झाली. तिचे आई-बाप दोघेही गुलामीतून सुटलेले. पुण्यात जोतिराव जे मागत होते ते तिकडे एका लोकांनी स्वतःच्या हिमतीवर मिळविण्यास आरंभ केला होता.

या लोकांचे चर्चही त्यांनी स्वतःच काढलेले. फिलाडेल्फिया शहरात गोऱ्यांच्या देवळात गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेल्या काळ्या भाविकांना उठवून मागे व्हावयास सांगितले. देवळाच्या पायरीवर ज्यांना अडविले गेले त्यांना ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. रिचर्ड ॲलन हा जन्माने गुलाम, स्वतःची किंमत स्वतः मोजून सुटलेला. तो आपल्या मंडळींसह बाहेर पडला, आणि १८१६ साली आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च उभे राहिले. त्यांच्या धर्ममताशी आम्हास येथे कर्तव्य नाही. आपली पै आपल्या पेटीत व पेटीची किल्ली आपल्या कमरेस, ही गोष्ट ते तेथे शिकले, ती आम्हास महत्त्वाची वाटते.

विल्बरफोर्सचा आरंभ मात्र गोऱ्यांच्या मेथॉडिस्ट चर्चने केला, १८५६ साली, झीनिया गावाजवळच्या झऱ्यांपाशी एका हवा खाण्याच्या जागी. नाव दिले ते इंग्लंडात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेल्या विल्यम विल्बरफोर्सचे. हेतू चांगला होता, नाही कोण म्हणेल? परंतु विश्वस्त मंडळ पाहावे तर चोवीस जणांत काळे फक्त चार, आणि अध्यक्षही गोराच. विद्यार्थी बहुतेक दक्षिणेकडील मळेवाल्यांची काळ्या बायांपासून झालेली मुले. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, बापांनी मुले काढून नेली, पैसा आटला, आणि १८६२ साली शाळेला कुलूप लागले. ज्यांनी दुसऱ्यांसाठी काढली त्यांना ती बंद करणे फारसे जड गेले नसावे.

त्या चौघांत एक डॅनियल पेन होते. आम्ही स्वतः मास्तर असल्यामुळे या माणसाविषयी आम्हास विशेष आपुलकी वाटते. जन्म १८११ चा, चार्ल्सटन शहरातला. लहानपणीच पोरके झाले, सुताराच्या हाताखाली उमेदवारी केली, आणि रंधा ठेवून रात्री पुस्तके वाचली. १८२९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी शाळा काढली. दिवसा तीन मुले, रात्री तीन प्रौढ गुलाम; प्रत्येकी महिना अर्धा डॉलर फी. शाळा वाढली. मग प्रांताच्या सरकारने कायदाच केला की गुलामास लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा, आणि काळ्याने शाळा चालविणेही गुन्हा. १८३५ साली पेनमास्तरांनी शाळा मिटली व ते उत्तरेस निघून गेले. आमच्याकडे शूद्रांस विद्या नको हे पोथीत लिहिले होते. तिकडे ते सरकारी कायद्यात लिहिले. फरक कागदाचा.

उत्तरेस जाऊन ते आपल्या चर्चचे उपदेशक झाले, पुढे बिशप झाले. तेथे त्यांनी म्हटले की उपदेशकांनी व्याकरण, भूगोल, इतिहास शिकला पाहिजे. तर विरोध आला तो आपल्याच माणसांकडून! देवाचे नाव घ्यावयास व्याकरण कशाला, असे म्हणणारे तिकडेही होते. नांगर हाकावयास बुके कशाला, असे म्हणणारे आमचे पाटील आम्हास आठवले.

१८६३ साली, गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा निघाला त्याच वर्षी, बंद पडलेली विल्बरफोर्सची जागा विकावयास निघाली. किंमत दहा हजार डॉलर. पेन यांच्या हाती दमडी नव्हती. तरी त्यांनी चर्चच्या नावाने शब्द टाकला आणि सौदा केला. अमेरिकेत काळ्या लोकांच्या मालकीचे व त्यांनीच चालविलेले पहिले विद्यापीठ ते हे, आणि पेन हे तेथील पहिले काळे विद्यापीठाध्यक्ष.

दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तो १८६५ च्या १४ एप्रिलला, ज्या रात्री अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच दिवशी, मुख्य इमारत जळून खाक झाली. कोणीतरी लावलेली आग होती. कर्ज डोक्यावर, आणि घर राखेत. तरी वर्ग थांबले नाहीत. बाहेरून मोठ्यांच्या देणग्या आल्या हे खरे. परंतु दर सभासदामागे वर्षाला एक डॉलर अशी पट्टी चर्चने बसविली होती, आणि ती देणारे होते कपडे धुणाऱ्या बाया, मजूर, न्हावी, कुळे. मूठ-मूठ धान्य टाकून वसतिगृहे चालविणाऱ्या आमच्या आया-बहिणींना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल, वा, सगळेच छान. तसे नाही. १८८७ साली ओहायो सरकारने तेथे मास्तरकीचे शिक्षण व उद्योगशिक्षण यांचा विभाग काढून दिला. सुतारकाम, शिवण, छपाई, सगळे आले, आणि सरकारचा पैसा दरसाल येऊ लागला. पण पैशाबरोबर सरकारचे वेगळे मंडळ आले. एका अंगणात दोन कारभारी! साठ वर्षे कुरबुर चालली आणि १९४७ साली तो विभाग फुटून निघाला. त्याचीच पुढे सेंट्रल स्टेट ही वेगळी संस्था झाली व आज ती आईपेक्षा मोठी आहे. सरकारी पैसा घेऊ नये असे आमचे मत नाही, तो आमच्याच करातला असतो. घेताना किल्ली कोणाकडे राहते हे मात्र कागदावर पाहून घ्यावे.

आणि किल्ली आपल्या माणसाकडे असली म्हणजे सगळे भागले, असेही नव्हे. १८९४ साली बर्लिनहून शिकून आलेले तरुण पंडित डू बॉइस तेथे वर्षाला आठशे डॉलरांवर नोकरीस लागले. ग्रीक, लॅटिन, जर्मन शिकवीत. समाजशास्त्र शिकवू द्या म्हणाले, ते कोणी ऐकले नाही. प्रार्थना चालविण्यास त्यांनी नकार दिला, त्यावरून वादळ झाले. दोन वर्षांत ते निघून गेले. स्वजनांच्या संस्थेतही बिशपांचा धाक असा चालतो. याच संस्थेने लहानपणी चोरून अक्षरे गिरविलेल्या विल्यम स्कार्बरो यांना मात्र १९०८ साली अध्यक्ष केले. गुलाम म्हणून जन्मलेल्या या गृहस्थांनी ग्रीक भाषेचे क्रमिक पुस्तक लिहिले होते. हीही तीच संस्था.

पुढे १९७४ चे भयंकर चक्रीवादळ आले, पैशाची ओढ तर कायमचीच. एवढे सगळे सोसून हे विद्यापीठ चालू आहे, आणि त्याने २०२१ साली आपल्याच मुलांची बाकी पुसली.

आता आमच्या लोहाराच्या पोराकडे वळू. गावातल्या नऊ घरांनी मिळून सहा हजार रुपये जमविले आहेत. उरलेले साडेपाच हजार येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत व्हावेत अशी खटपट आहे. पैसे भरून दाखला सोडवून आणू. परंतु त्याच दिवशी संस्थेच्या चिटणीसांकडे एक अर्जही देणार आहोत. या गावाने संस्थेला आजवर किती पायल्या धान्य व किती रुपये दिले, विश्वस्तांत शेतकरी व बलुतेदारांची घरे किती, आणि फीच्या बाकीपायी किती मुलांचे कागद कपाटात पडून आहेत, या तीन गोष्टींचा हिशेब लेखी मिळावा. उत्तर आले की ते याच जागी छापू. न आल्यास तेही छापू.