परवान्याला वारस नसतो

परवान्याची बंदूक बाळगणारा माणूस मृत्युपत्र न करता वारला, की त्याच्या घर, जमीन, दागिने आणि ठेवींबरोबर ती बंदूकही वारसांची होते. हिंदू कुटुंबात १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांचा तिच्यावर सारखा हक्क असतो. इतर धर्मीयांना आणि गोव्यातल्या कुटुंबांना आपापले कायदे लागू होतात. इथवर बंदूक आणि शिलाई मशीन यांत कायदा फरक करत नाही. फरक पडतो तो परवान्यापाशी. परवाना मयताच्या नावावरचा आणि त्याच्यापुरताच असतो. तो वारसांना मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ३ बंदूक कोणाच्या मालकीची हे विचारत बसत नाही, ती परवान्याशिवाय कोणाच्या ताब्यात आहे एवढेच पाहते. म्हणजे वारसांची मालकी सुरू होते त्याच घडीला घरातल्या बंदुकीचा ताबा बेकायदा ठरतो.

घर कोकणात किंवा विदर्भात आणि मुले परदेशात, अशा कुटुंबांत हे हमखास राहून जाते. रजा मोजकी असते. दिवसकार्य उरकायचे, तलाठ्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंदीचा अर्ज द्यायचा, बँकेत आईच्या सह्या करून घ्यायच्या आणि विमान गाठायचे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोरची बंदूक खोळीसकट कपाटात राहते, काडतुसांचा डबा खणात राहतो. ‘पुढच्या मे महिन्यात बघू’ असे ठरते. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण धोका कोणाला हे मात्र पाहायला हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक किंवा काडतुसे बाळगण्याला किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षांची कैद व दंड अशी शिक्षा आहे. १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ताब्यासाठी शस्त्र प्रत्यक्ष अंगावर किंवा हातात असण्याची गरज नाही. त्याची जाणीव आणि त्यावर नियंत्रण असले की पुरते. न्यूजर्सीतल्या मुलापेक्षा हे वर्णन कपाटाची किल्ली कमरेला असलेल्या आईला जास्त लागू पडते. म्हणून बंदूक कोणाच्या वाट्याला जाणार हा वाद, भावनेचा असो वा पैशाचा, मागाहून मिटवावा. आधी ती घराबाहेर काढावी.

त्यासाठीची वाट कायद्याच्या कलम २१ मध्येच आहे. ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिला नाही, तर विनाकारण उशीर न करता शस्त्र आणि काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. ठाण्याला आधी कळवावे, मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना बरोबर ठेवावा आणि बंदुकीचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय परतू नये. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करून घेतली जातात, त्यामुळे एखाद्या घरची बंदूक आधीच ठाण्यात पडून असते आणि घरचे माळा धुंडाळत बसतात. तेव्हा वडिलांच्या कागदांत आधी पावती शोधलेली बरी. जमा केल्याने मालकी जात नाही. ठरलेल्या मुदतीत कोणा वारसाला परवाना मिळाला तर बंदूक परत मिळते, किंवा शस्त्र बाळगायला पात्र असलेल्याला ती विकता येते.

परवाना हवा असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ लागू होतो. जिल्हाधिकारी, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त, मयताच्या वारसाला परवाना देऊ शकतात. मात्र ‘देऊ शकतात’ याचा अर्थ ‘देतातच’ असा नाही. वारसाला नव्या अर्जदाराप्रमाणेच पोलीस चौकशीला सामोरे जावे लागते, वय २१ पूर्ण लागते. मृत्युपत्र नसल्याने इतर सर्व वारसांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, आणि घोडे अडते ते इथे. एक बहीण मेलबर्नला, एक भाऊ डॅलसला. प्रत्येकाचा कागद तिथे साक्षांकित होऊन यायचा. वारस कोण याबद्दलच वाद असेल, तर महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घ्यावे लागते. बँकेसाठी काढलेले उत्तराधिकार प्रमाणपत्र ऋण आणि रोख्यांपुरते असते. त्याच्या जोरावर बंदूक मागता येत नाही.

परदेशस्थ वारसाने स्वतः अर्ज करण्यात फारसा अर्थ नसतो. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा स्वसंरक्षणासाठी लांब, गुळगुळीत नळीची बंदूक यांच्या परवान्याबाबत कलम १३ ‘भारतीय नागरिक’ असे शब्द वापरते. ओसीआय कार्डधारक कायद्याच्या दृष्टीने परकीय नागरिकच. शिवाय पीक राखायला शेती लागते आणि ती कसणारा माणूस लागतो. जमीन चुलतभावाला कसायला दिली आणि बंदूक शिकागोत राहणाऱ्याच्या नावावर मागितली, तर रानडुकरे कोण हाकलणार, हा अधिकाऱ्याचा प्रश्न रास्तच ठरतो. गावातला वारस इच्छुक असला तरी त्याच्याकडे आधीची दोन शस्त्रे नसावीत. २०१९ मध्ये एका व्यक्तीची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वडिलोपार्जित शस्त्रालाही ती लागू आहे.

आठवण म्हणून बंदूक परदेशी न्यायचा विचार तर सोडूनच द्यावा. भारताबाहेर शस्त्र न्यायला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो, अमेरिकेत आणायला तिथला आयात परवाना. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात मृत्युपत्राविना वारशाने आलेली बंदूक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला सवलत आहे, पण ती तिथल्या तिथे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता बंदूक बाळगायचीच मनाई आहे.

हा सगळा खटाटोप टाळायची सोय नियम २५ मध्येच आहे आणि तिचा फायदा फारच थोडे घेतात. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे राहिले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच वारसाचे नाव सुचवून त्याला परवाना देण्याची विनंती करू शकतो. मृत्युपत्रापेक्षाही हा मार्ग सरस आहे. मृत्युपत्र फार तर बंदूक कोणाची ते ठरवते. परवान्याचा प्रश्न आणि मधल्या काळातला बेकायदा ताबा दोन्ही तसेच राहतात. हयातीत केलेल्या अर्जात परवानाधारक स्वतः जबाब द्यायला हजर असतो, बंदूक एका कायदेशीर ताब्यातून दुसऱ्यात जाते आणि भावंडांना कागद गोळा करत बसावे लागत नाही. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांपुढे हा विषय काढणे अवघड असते हे खरे, पण बँक खात्याला वारसाचे नाव लावताना तोच संकोच आडवा येत नाही.

बंदूक जुनी, गंजलेली आहे म्हणून परवाना लागत नाही, ही समजूतही तपासून घ्यावी. कलम ४५ ची सूट पुरातन, कालबाह्य किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणारे नसावे. पणजोबांची ठासणीची बंदूक गावच्या लोहाराकडून चालू होणार असेल, तर ती भिंतीवर टांगली तरी बंदूकच.

कोणालाच बंदूक नको असेल तर पात्र ग्राहकाला किंवा शस्त्रविक्रेत्याला विकून पैसे हिश्श्यांप्रमाणे वाटून घेता येतात. तेही मुदतीत झाले नाही, तर जमा केलेले शस्त्र सरकारजमा होऊ शकते.