अळी दिसली की विचारता, लेकराचं का नाही विचारत?



काल सकाळी कपाशीत फिरताना दोन डोमकळ्या सापडल्या. तोडल्या, फोटो काढून गटावर टाकला. दहा मिनिटांत सल्ले सुरू. कामगंध सापळे लावा, निंबोळी अर्क मारा, रोज सकाळी फुलं बघा. बोंडअळी आली म्हणून मला कुणी नावं ठेवली नाहीत. उलट दोघं जण बांधावर येऊन बघून गेले.

आता दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी माझा पुतण्या, दहावीतला, पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर घेऊन हुंगताना सापडला. त्याआधी गुटखा चालू होताच. त्या वेळी मी कुणालाच काही विचारलं नाही. कासऱ्यानं मारलं. भावजयीला म्हणालो, तुझ्या लाडानं बिघडला. शाळेनं दाखला घेऊन जा म्हणून सांगितलं. पारावर आमच्या घराची चर्चा झाली, घरी मात्र एक माणूस आला नाही. चार महिने भावजय कुणाच्या लग्नाला गेली नाही. आणि पोरगं थांबलं का? नाही. घरामागं हुंगायचं ते नदीकडं जाऊन हुंगायला लागलं.

"दोन फटके दिले की सुटतं" म्हणणाऱ्यांनो, मी दोनावर थांबलो नव्हतो. नाही सुटलं.

शेवटी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पोराला बसवलं आणि आधी आम्हालाच विचारलं, घरात कोण काय खातं, कोण पितं? माझ्या खिशात तंबाखूची पुडी होती. मान खाली गेली. ते म्हणाले, हा आजार आहे, औषध आणि बोलणं दोन्ही लागतं, आणि घरच्यांनीही यायचं. तेव्हापासून आम्ही तिघं जातो, पोरगं, त्याची आई आणि मी. मधी एकदा घसरला. या वेळी मारलं नाही, दुसऱ्या दिवशी परत दवाखान्यात नेलं. आता तीन महिने झाले, बरा आहे. पुढचं आत्ताच सांगत नाही.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट या नवराबायकोनं १९८६ साली मुक्तांगण काढलं. तिथंही उपचारात घरच्यांना धरून चालतात. म्हणजे ही रीत जुनी आहे, आपल्या गावापर्यंतच आली नाही.

आता गावाला विचारतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मग पोरांना पुडी मिळते कुठून? अठराच्या आतल्या लेकराला दारू, तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, असा बाल न्याय कायदा सांगतो. शाळेपासून शंभर यार्डाच्या आत तंबाखू विकायची नाही, हाही कायदाच. विकणाऱ्याला आपण रोज राम राम करतो आणि ज्याचं पोरगं अडकलं त्याच्या घरचा चहा टाळतो. हा कुठला न्याय?

माझं म्हणणं एवढंच. येत्या ग्रामसभेत टपरीचा विषय घ्या. शाळेनं पोराला काढू नये, आईबापासकट दवाखान्यात पाठवावं. काढलेलं पोरगं दिवसभर कुठं बसणार, ते सगळ्यांना माहीत आहे. आणि शेजारच्या घरात असं काही कळलं तर जाऊन बसा, "काय लागतंय का?" एवढं विचारा. पोराचं नाव, फोटो मात्र गटावर टाकू नका. ते कपाशीचं फूल नाही, त्याला याच गावात जगायचंय.

कुठं जावं कळत नसेल तर १४४४६ वर फोन लावा. व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

माझी पुडी सुटून पाच महिने झाले. तलफ अजून येते. तेव्हा कळतं, त्या लेकरावर काय बेतत असंल.