मोहाखालचा झाडू

मुलांनो, शिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आजी सांगते ना? आपल्या नांदेड-लातूरकडे मात्र ती जाता जाता थोडी घुटमळते. पहाटे गोधडी सोडवत नाही अन् दुपारी डोक्याला रुमाल बांधावा लागतो. अशा दिवसांत चला, नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डोंगरांतल्या माहूरला जाऊ.

रेणुकादेवीचं माहूर तुमच्यापैकी काहींनी नवरात्रात पाहिलं असेल. तेव्हा डोंगर हिरवेगार असतात. फाल्गुनात मात्र सागाची वाळलेली पानं पायाखाली करकर वाजतात. खाली पैनगंगेची धार बारीक झालेली असते. अन् अशा उघड्या रानात पळस पेटतो!

‘पळसाला पानं तीनच’ म्हणतात. पण आता झाडावर तीही नसतात. पाणी कमी, म्हणून झाड पानं गाळून टाकतं. त्यामुळे केशरी फुलं पक्ष्यांना लांबूनच दिसतात. या फुलांना वास नाही, पण रस भरपूर. चोच आत घातली की पराग पक्ष्याच्या डोक्याला लागतात अन् पुढच्या फुलावर पोचतात. मध्य आशियातून हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्याही या फुलांवर तुटून पडतात. म्हणून तर त्यांचं दुसरं नाव पळसमैना!

पळसाची ही आग बघायला सुरेख. पण याच दिवसांत रानाला खरी आगही लागते. का, ते ऐका.

पळसापाठोपाठ मोह फुलतो. त्याची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं रस प्यायला येतात, अन् पहाटे गोड, रसाळ फुलांचा सडा पडतो. अस्वलाला तो फार आवडतो. किनवट-माहूर भागातली गोंड, कोलाम माणसंही उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. फुलं वाळवून ठेवायची, थोडी बाजारात विकायची. घरात मीठ-मिरची त्यातूनच येते.

आता अडचण अशी, की फिक्कट पिवळी फुलं वाळक्या पानांत दिसत नाहीत. म्हणून काही जण झाडाखालची पानं पेटवून देतात. वारा सुटला की तीच आग डोंगर चढते. रातवा हा पक्षी घरटं बांधत नाही. तो जमिनीवरच अंडी घालतो, ती जळतात. मोठा मोह वाचतो, पण त्याच्याखाली उगवलेली रोपं जळतात. म्हणजे नातवंडांनी वेचायचा मोह आजच गेला!

वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतं. त्याआधी रानात जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा एक पट्टाच मोकळा करतात. आग तिथवर आली की पुढे तिला जळायला काही मिळत नाही. पण आग लागूच नये, यासाठीचा उपाय किती सोपा आहे! पानं झाडूनं बाजूला सारायची, नाहीतर झाडाखाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरायची. फुलं स्वच्छ मिळतात अन् रानही राहतं.

तुमच्या शेताच्या बांधावर पळस असेलच. रविवारी सकाळी आई-बाबांना घेऊन त्याच्याखाली अर्धा तास गप्प बसा. किती पाहुणे आले ते वहीत लिहा. अन् बांध पेटवायला कुणी काडी काढली, तर त्यांना मोहाखालच्या झाडूची गोष्ट जरूर सांगा.