गाडी नाही? लगेज डबा आहे ना, बॉस!
माउंटन बाइक घेतली तेव्हा वाटलं, आता दर वीकेंडला डोंगर! पण डोंगरापर्यंत तिला नेणार कशी? गाडीवर रॅकवाल्या मित्राने दोनदा सोबत नेलं, तिसऱ्यांदा त्याचा फोनच लागेना. सायकल जिन्याखाली धूळ खात पडली.

उपाय सापडला लोकलच्या लगेज डब्यात. सायकलसाठी लगेजचं वेगळं तिकीट काढायचं आणि रविवारी पहाटेची कसारा लोकल पकडायची. 'दादा, चाक तिकडं घ्या जरा!' हे ऐकून घ्यायचं. आसनगावला उतरलात की माहुली गडाचा पायथा जेमतेम पाचेक किलोमीटर. गावात विचारून शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटांना लागा. गड मात्र पायीच चढायचा. पावसाळ्यात तिथला चिखल चाकांना असा धरतो, की सायकल तुम्हाला नाही, तुम्हीच सायकलला फिरवता.

पंक्चरचं सामान विसरू नका. मी विसरलो आणि स्टेशनपर्यंत सायकल ढकलत आलो. वर मेगाब्लॉक! घरी पोचायला संध्याकाळ झाली.

रात्री मित्राचा फोन. "कुठे असतोस रे हल्ली रविवारी? मलाही ने ना!"

म्हटलं, पहाटे स्टेशनवर ये. गाडी घरी ठेव.