पान्यावरचा आकडा

जुन्या विलायती गाडीचा पाना हातात घ्या. त्यावर १/४ कोरलेले असेल, पण जबडा मोजाल तर अर्ध्या इंचाहून जास्त भरेल! आमच्या मुलुंडातील एका स्नेह्यांकडे १९५१ ची एम. जी. टी. डी. गाडी आहे. (ती आपल्याला सवतीसारखी वाटते, असे वहिनी म्हणतात.) तिच्या इंजिनाचे बोल्ट घरातल्या एकाही पान्याला दाद देईनात, तेव्हा आम्ही दोघे कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर, भंगाराच्या दुकानांत शिरलो.

तिथल्या वृद्ध मिस्तरींनी उलगडा केला. "मास्तर, हा आकडा जबड्याचा नव्हे, बोल्टाच्या जाडीचा. ही व्हिटवर्थसाहेबाची रीत."

जोसेफ व्हिटवर्थने ही मापे १८४१ मध्ये मांडली. पण एम. जी.ची गंमत याहून न्यारी. मॉरिसने १९२३ साली कोव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी, आणि इंग्रज कारागिरांच्या हाती पाने व्हिटवर्थचे. म्हणून बोल्टाचे डोके व्हिटवर्थ, आटे मेट्रिक! पाना मिळाला तरी टॅप वेगळाच शोधावा लागतो.

पुलरसारखे हत्यार लेथवर करून घेता येते. कोणते, कुठे लावायचे, हे मात्र मिस्तरींच्याच डोक्यात. हाताखाली पोर नाही. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आता शिकायला येणार कोण? चांगले पाने किलोवर विकले जातात. मी सध्या दर रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे बसतो. चौदा पाने भरली आहेत. गिअरबॉक्स अजून व्हायचा आहे.