व्हिसा कुणाच्या नावाचा?

"पोरगी जपानला दिली" असं आपल्यात मोठ्या तोऱ्यात सांगतात. ऐकणाऱ्या बायाही "नशीब काढलं हो" म्हणून मोकळ्या होतात. परदेश नवऱ्याला आणि बायकोला सारखाच भेटतो, असं धरूनच आपण चालतो. माझं भांडण या धरून चालण्याशी आहे.

नोकरीवर जाणाऱ्या मुलाचा व्हिसा त्याच्या स्वतःच्या नावाचा असतो. त्याची बायको जाते ती त्याची कुटुंबीय म्हणून. तिला काम करायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते, आणि मग आठवड्याला 28 तासच काम करता येतं. इंजिनियर असो की एम.ए., तास तेवढेच. घटस्फोट झाला तर 14 दिवसांत तिथल्या इमिग्रेशन खात्याला कळवायचं, कारण तिचं तिथे राहणंच लग्नावर टेकलेलं! आता त्या कायद्यात 'बायको' असं कुठे लिहिलेलं नाही, जोडीदार कुणीही असू शकतो. मग मागून जाणारा जोडीदार बहुतेक वेळा बाईच का? ते जपानने नाही ठरवलं. ते आपण इथे, कुंडल्या जुळवताना ठरवलं.

आणि स्वयंपाकघर! जपानी रश्शांना आणि सॉसना चव येते ती बरेचदा सुकवलेल्या माशाच्या अर्कातून. भाजीच्या पदार्थातसुद्धा तो असतो. कंदमूळ टाळणं पुढची गोष्ट, आधी पाकिटावरची बारीक जपानी अक्षरं वाचायला हवीत. ती कोण वाचणार? नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत निभावून जातं. वाणसामान, मुलाच्या शाळेची चिठ्ठी, दवाखाना, हे सगळं जपानीत, आणि सगळं तिच्या वाट्याला. कोबे शहरात 1985 पासून आपलं संगमरवरी मंदिर आहे, मोत्यांच्या व्यापाऱ्यांनी तिथे बस्तान बसवलं, याचा अभिमान मलाही आहे. पण धर्म परदेशात टिकला तो देणगीच्या पाटीवरच्या नावांनी जेवढा, तेवढाच या पाकिटं वाचणाऱ्या बायांनी टिकवला. त्यांची पाटी कुठे आहे?

गोऱ्यांचंही फार वेगळं नाही बरं. लाफ्कादिओ हर्न नावाचा लेखक 1890 मध्ये जपानला गेला आणि सेत्सु नावाच्या जपानी स्त्रीशी त्याने संसार मांडला. त्या काळी परक्याशी लग्न केलेल्या जपानी बाईचं नागरिकत्वच जायचं. ते जाऊ नये म्हणून 1896 मध्ये हा गृहस्थ तिच्या घराण्याचं आडनाव घेऊन जपानी झाला. चांगुलपणा त्याचा, पण बाईचा देश कोणता हे शेवटी पुरुषाच्या कागदावरच ठरलं ना? आपण हसायचं कारण नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळायला आपल्याकडे 1992 चा डिसेंबर उजाडावा लागला. तोवर बापच लागायचा. जपानने ते 1985 मध्ये बदललं होतं.

"सासू नाही, सासरा नाही, मशीन कपडे धुतं, आणखी काय पाहिजे?" असं विचारणाऱ्यांना मी म्हणते, आपल्या मलाजखंडच्या कॉलनीत बघा. बदलून आलेल्या साहेबाला आठ दिवसांत खाण, क्लब, चार मित्र मिळतात. त्याची बायको वर्षानुवर्षं 'साहेबांच्या मिसेस'. तिथे तर भाषाही आपली, आणि रुसून माहेरी जायला बस आहे. टोकियोहून बस नाही.

बाई परदेशात उभी राहू शकत नाही, असं मुळीच नाही. पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी, विधवा, 1918 मध्ये अमेरिकेला गेल्या. लोकांच्या घरी कामं केली, इंग्रजी शिकल्या, आश्रमासाठी पैसा जमवला. पण त्या कुणाच्या मागून गेल्या नव्हत्या, स्वतःचं काम घेऊन गेल्या होत्या.

तेव्हा बायांनो, परिचय-मेळाव्याच्या पुस्तिकेत मुलाच्या पगाराशेजारी आणखी एक रकाना छापून घ्या: 'मुलीला तिथे कोणता व्हिसा, काम करता येईल का, भाषा शिकवण्याचा खर्च कोण करणार'. जागा पुरत नसेल तर 'वर्ण' हा रकाना काढून टाका, भरपूर जागा होते.